उंबरदरीचा वाहनमुक्त मार्ग

रस्ता जाण्यायेण्यासाठी असतो, ही समजूत आता जुनी झाली. सुधारलेल्या जगात रस्ता मनःशांतीसाठी असतो, आणि ती मिळण्याची पहिली अट म्हणजे त्यावरून कोणी जाऊ-येऊ नये. परदेशात आल्प्स पर्वताच्या पायथ्याशी यासाठी खास वाहनमुक्त सायकल मार्ग आखलेले आहेत. त्यांवर अफाट खर्च झाला असणार. आमच्या जाफराबाद तालुक्यात असा मार्ग एक पूल वाहून गेल्यामुळे फुकटात मिळाला.

हा मार्ग उंबरदरी फाट्यापासून निघून अजिंठ्याच्या डोंगराच्या पायथ्याशी, उंबरदरी गावात संपतो. लांबी साडेसहा किलोमीटर. दोन वर्षांपूर्वी मधला नळकांडी पूल वाहून गेला आणि त्याबरोबर एसटीही गेली. (एसटी वाहून गेली नाही, बंद झाली. परिणाम तोच.) ट्रॅक्टर आणि मोटारसायकली नाल्यातून कशाबशा निघतात. बाकी हॉर्न नाही, धूर नाही. धूळ आहे, पण ती नैसर्गिक आहे.

टेंभुर्णीच्या 'पायथा सायकल मंडळा'ने हा मार्ग शोधून काढला. उंबरदरीच्या लोकांना तो आधीपासून माहीत होता, पण त्याचं सौंदर्य माहीत नव्हतं. मी मंडळाचा सचिव. पेशाने भूगोलाचा मास्तर, वय बावन्न, चढावर सायकल हातात धरून चालण्याचा आठ महिन्यांचा अनुभव. मंडळाचे सभासद चौदा, हेल्मेट चौदा, गुडघ्याचे पट्टे एकोणीस, सायकली अकरा. टेंभुर्णी ते फाटा या रस्त्यावर वाहनांचा फार त्रास असल्याने सायकली पिकअपमध्ये आणि सभासद चार मोटारींतून फाट्यापर्यंत येतात.

असं सगळं सुखाने चाललेलं असताना वरून पत्र आलं की या रस्त्याची वाहनगणना होणार. शुक्रवार ते रविवार, फाट्यावर माणूस बसेल. जाणारं वाहन एक, येणारं वाहन एक. तीन दिवसांत एकशे ऐंशी भरले तर नवा पूल आणि एसटी. कमी भरले तर पुलाची गरज नाही, हे सिद्ध होईल. नियमात खोट काढायला जागा नाही. पूल नाही म्हणून वाहनं येत नाहीत, आणि वाहनं येत नाहीत म्हणून पूल लागत नाही. इतकं नेटकं वर्तुळ मला फळ्यावर आजवर काढता आलेलं नाही.

गुरुवारी गिरिजाबाई शाळेत आल्या. त्या उंबरदरीच्या अंगणवाडीत मदतनीस आहेत. त्यांची मुलगी प्रीती माझ्याच वर्गातून दहावी झाली, तीही रोज फाट्यापर्यंत पायी येऊन. भूगोलात चाळीसपैकी अडतीस. आता आमच्याच शाळेत अकरावीला आहे.

"सर, सायकल बी मोजतेत म्हणं," गिरिजाबाई म्हणाल्या. "तुमचं मंडळ दर रैवारी येऊनच राह्यलं. या रैवारी बिलकुल चुकू नका. जमलं तं दोन चकरा जास्त मारा. अकरावी सुटती पाचला, पोरीला वाटंतच अंधार पडतो. यष्टी न्हाई आली तं मंग तिचं शिक्षण बंद करावं लागंल."

मी "बघतो" म्हणालो. (सचिवाला हा शब्द यावाच लागतो.)

त्याच संध्याकाळी मंडळाची तातडीची बैठक झाली. अध्यक्ष रामराव यांचं बी-बियाण्यांचं दुकान असल्यामुळे त्यांना पुढे काय उगवेल ते आधी दिसतं. ते म्हणाले, "सर, पूल झाला की यष्टी येईल, यष्टीमागं जीप, जीपमागं ट्रक. मंग आपण जायाचं कुठं? आल्प्सला?" औषध दुकानाचे हरिओम यांनी शास्त्रीय मुद्दा मांडला. आपण काही कामाला जात नाही, मौजेला जातो. आपण मोजले गेलो तर आकडा भेसळीचा होईल. तेव्हा शासनाच्या कामात ढवळाढवळ नको, म्हणून मंडळाने या रविवारी तटस्थ राहावं, असा ठराव झाला. ठराव सर्वानुमते मंजूर. त्या सर्वांत मी आहे. माझा हात अर्ध्यापर्यंतच गेला होता, पण अर्धा हात मोजण्याची पद्धत नाही.

रविवारी आम्ही रामरावांच्या घरी मोठ्या पडद्यावर आल्प्सच्या पायथ्याचा सायकल प्रवास पाहिला. पोहे होते. थंडी वाजते असं हरिओम दोनदा म्हणाले.

तिकडे उंबरदरीने कमाल केली. गावात एकूण वाहनं नऊ. ट्रॅक्टर एक, मोटारसायकली सहा, बैलगाड्या दोन. नऊच्या नऊ वाहनं तीन दिवस सकाळी सहापासून खाली-वर करत होती. प्रीतीचे आजोबा भिवा यांनी सत्तराव्या वर्षी बैलगाडीच्या आठ फेऱ्या मारल्या. गणनेला बसलेला बद्रीनाथ नियमाप्रमाणे दर वेळी विचारायचा.

"कुठून आले?"

"उंबरदरीहून."

"चालले कुठं?"

"उंबरदरीला."

"काम काय?"

"तुमाला भेटायचं हुतं."

बद्रीनाथ तेही लिहून घ्यायचा. रविवारी संध्याकाळी सहाला वही मिटली तेव्हा आकडा होता एकशे सत्तर. दहा कमी. माझा विषय भूगोल असला तरी एवढं गणित मला येतं. आमच्यातले पाच जण एकदा वर जाऊन खाली आले असते तरी भागलं असतं. अहवालावर शेरा पडला, 'रस्त्याचा वापर अपुरा. पुलाची आवश्यकता दिसत नाही.'

मंडळाला वाईट वाटलं. अगदी मनापासून वाटलं, खोटं कशाला सांगू. वाईट वाटल्यावर काहीतरी करायचं असतं म्हणून आम्ही अकरांपैकी एक सायकल (सहापैकी दोन गियर चालू) प्रीतीला भेट दिली. शाल, नारळ, फोटो, सगळं रीतसर झालं. रामरावांनी तिला मंडळाची सर्वांत तरुण मानद सभासद म्हणून जाहीर केलं आणि दोन शब्द बोलायला सांगितलं.

"सायकल कशाला दिली, सर?" ती माझ्याकडे बघून म्हणाली. "त्या रैवारी तुमी पाच जण आले असते तं यष्टीच आली असती."

मला लाज वाटली. इतिवृत्तात लाज लिहायला रकाना नसतो, म्हणून मी 'सत्कारमूर्तींनी मनोगत व्यक्त केले' असं लिहिलं.

शिक्षण मात्र बंद पडलं नाही. प्रीती रोज सायकलवर टेंभुर्णीला येते, नाल्यात सायकल खांद्यावर घेऊन उतरते. अंधार पडायच्या आत नाला ओलांडावा म्हणून शेवटच्या तासाला बसत नाही. शेवटचा तास भूगोलाचा असतो. तो मी घेतो. हजेरी घेताना तिचं नाव आलं की थांबायचं नाही, अशी सवय मी आता लावून घेतली आहे.

मार्ग उत्तम स्थितीत आहे आणि मंडळाला नवे सभासद हवे आहेत. सायकल असण्याची अट नाही, चढ चढता येण्याची तर नाहीच. अट एकच. प्रीतीची हकिगत ऐकून माणसाला खरोखर वाईट वाटलं पाहिजे, आणि तरीही येत्या रविवारचा त्याचा बेत बदलता कामा नये. आपण वेगळा अर्ज करण्याची तसदी घेऊ नये. मानद सभासद मोजण्याची पद्धत नाही, तेव्हा पंधरावं नाव मी आपलंच लिहून टाकलं आहे.