शंभराच्या वरचं बिल

मोटारीचा विमा उतरवताना माणसाने बायकोचं ऐकावं की स्वतःचं डोकं चालवावं, असा प्रश्न मला सत्तेचाळीस साली पडला आणि मी डोकं चालवलं. (ते चालतं की नाही, हे आधी बघायला हवं होतं.)

मोटार म्हणजे बेबी ऑस्टिन. पाचगणीचा एक साहेब विलायतेला परत निघाला आणि जाता जाता ती माझ्या गळ्यात बांधून गेला. सांगलीत माझं गुळाचं दुकान, गावाकडे थोडा ऊस. मोटार ठेवण्याइतका मी काही मोठा नव्हतो, पण ऑस्टिनही लहानच होती.

विमा उतरवायला माझा मेहुणा जोतिबा आला. तो वडूजला राहून मुंबईच्या एका कंपनीची एजंटगिरी करायचा. त्याने दोन कागद पुढे ठेवले. एका कागदात वर्षाचा हप्ता नव्वद रुपये. मोटारीला काही झालं तर पहिले दहा रुपये आपण सोसायचे, पुढचं सगळं कंपनी भरणार. दुसऱ्यात हप्ता साठच, पण पहिले शंभर रुपये आपले. नुकसान शंभराच्या आतलं असलं तर कंपनी ढुंकूनही बघणार नाही.

माझी बायको बनुबाई चहाचे कप ठेवता ठेवता म्हणाली, "दहावाला घ्या. तुमी मोटार चालवताना मी शेजारी बसलेली हाय."

हा माझा अपमान होता. ताशी वीस मैलांच्या वर मी कधी गेलो नव्हतो. (ऑस्टिनही गेली नव्हती.) ज्याच्या हातून अपघात होणारच नाही, त्याने तीस रुपये जादा का भरावेत? पण तिजोरीच्या किल्ल्या बनुबाईच्या कमरेला. तिने नव्वद मोजून दिले. जोतिबाला पोचवायच्या निमित्ताने मी कोपऱ्यापर्यंत गेलो, साठ त्याच्या हातावर ठेवले, शंभरवाल्या कागदावर सही केली आणि त्याच्या आक्काला, म्हणजे बनुबाईला, हे सांगणार नाही अशी त्याच्याकडून शपथ घेतली. उरलेल्या तिसात कातडी हातमोजे आणि काळा चष्मा घेतला. घरी सांगितलं, कोल्हापूरच्या व्यापाऱ्याने भेट दिले.

थंडीत आम्ही नवराबायको साताऱ्याला गेलो. माझ्या धाकट्या बहिणीचं, सुलाचं, लग्न सुभेदार हंबीररावांच्या मुलाशी ठरवायचं चाललं होतं. सुभेदार पेन्शनीत निघालेले. लढाईत मिसर देशात त्यांनी लॉऱ्या हाकल्या होत्या आणि जेवताना त्यातली प्रत्येक लॉरी आम्हाला ऐकावी लागली. बोलणी बरी झाली, पण पक्का शब्द काही मिळाला नाही. घरात विचार करून कळवतो, म्हणाले.

निघताना मी गल्लीत मोटार वळवायला लागलो. सुभेदार म्हणाले, गल्ली अरुंद आहे, तुम्हाला जमायचं नाही, उतरा. होणाऱ्या व्याह्याला नाही कसं म्हणणार? ते आत बसले तेव्हा त्यांचे गुडघे कानांना लागले. मिसरातल्या लॉरीवर द्यावा तसा त्यांनी पाय दिला आणि ऑस्टिन मागच्या मागे जाऊन त्यांच्याच घराच्या दगडी जोत्यावर आदळली.

मागचा मडगार्ड चेपला, दिवा फुटला, बंपर लोंबायला लागला. सुभेदार उतरले ते मान खाली घालूनच. सगळ्या नोकरीत असं कधी झालं नव्हतं, म्हणाले. मग म्हणाले, "लालासाहेब, खर्च माझा."

मी 'बरं' म्हणणारच होतो. शब्द ओठांवर आला होता. तेवढ्यात बनुबाई पदर सावरून पुढे झाली.

"तुमी एक पैसा द्यायचा न्हाई, सुभेदारसाहेब. आमी पुरता इमा उतरिवलाय. समदं कंपनी भरती."

सुभेदारांचा चेहरा उजळला. मोटार फोडली तरी या माणसांच्या कपाळावर आठी नाही, असल्या घरची मुलगी हातची घालवायची नाही, असं ते आत वळून म्हणाले आणि तिथल्या तिथे सुपारी फोडली. आता मी खरं बोललो असतो तर विम्याबरोबर लग्नही मोडलं असतं. मी सुपारी चघळत राहिलो.

मोटार पोवई नाक्यावर सिद्धू मिस्त्रीकडे टाकून आम्ही प्रवासी सर्व्हिस मोटारीने परतलो. कऱ्हाड येईपर्यंत बनुबाई आपण दहावाल्याचा आग्रह कसा धरला ते सांगत होती आणि कऱ्हाडनंतर तेच शेजारच्या बाईला. कंपनीचं पाकीट कसं असतं ते तिला बघायचं होतं. तिने आळीत सांगूनही टाकलं.

बिल शंभराच्या आत आलं तर कंपनी ओळही लिहिणार नव्हती. मला पैसे नको होते, पाकीट हवं होतं; आतलं इंग्रजी मीच तिला वाचून दाखवणार होतो. बिल शंभराच्या वर जायलाच हवं होतं.

मोटार आणायला गेलो तर सिद्धूने शहाण्णव रुपये सांगितले.

"मिस्त्री, हे बिल बरोबर नाही," मी म्हणालो.

"सुभेदारांचं पावणं तुमी. नव्वद द्या."

"अहो, मला कमी वाटतंय."

"टोमणं कशाला मारता, मालक? पंच्याऐंशी."

"मला शंभराच्या वरचं बिल पाहिजे."

सिद्धूने हातातला पाना खाली ठेवला. एवढं लागेल असं बोलायला तो माझ्याशी काय वाईट वागला होता, असं त्याने विचारलं. एवढ्यात सुभेदार आले. पाहुण्याला लुटतोस का, असं त्याला दरडावून त्यांनी बिल ऐंशीवर आणलं आणि माझ्याकडे बघून मिशीवर ताव दिला. मी त्यांचे आभार मानले. (मानावेच लागले.)

आता एकच उपाय उरला. अख्ख्या मोटारीला रंग द्या, असं मी सिद्धूला सांगितलं. त्याचे चोवीस झाले. त्याच्याकडे मिलिटरीचा उरलेला हिरवा रंग तेवढा होता आणि सुभेदारांना तोच आवडला. रंग वाळेपर्यंत चार दिवस मी त्यांच्याकडे राहिलो आणि मिसरातल्या राहिलेल्या लॉऱ्या ऐकल्या. एकशेचार रुपये मोजून मोटार सांगलीत आणली, तेव्हा फौजदार आला समजून आमच्या आळीतले पत्ते खेळणारे पळून गेले.

बिल मी परस्पर मुंबईला कंपनीकडे पाठवलं आणि महिनाभराने पाकीट आलं. बनुबाईने ते न फोडता देव्हाऱ्यात ठेवलं आणि वर हळदकुंकू वाहिलं. इंग्रजी जोतिबाकडूनच वाचून घ्यायचं असं तिने ठरवलं होतं. मी वाचतो म्हणालो, तर म्हणाली, तुम्ही भरभर वाचता.

जोतिबा आला. त्याने पाकीट फोडलं आणि वाचलं, "चार रुपये."

बनुबाईने विचारलं, "बाकीचं?"

"दाजींचं शंभर वजा जाऊन..." एवढं बोलून जोतिबाला शपथ आठवली. मी छताकडे बघत होतो. तो गडबडला आणि मला सांभाळून घ्यायला म्हणून माझ्याकडे वळून बोलत सुटला. "पर दाजी, तुमी ह्यो कागद पाठवायलाच नको हुता. वर्सभर काय मागितलं न्हाई तर कंपनी फुडच्या हप्त्यात सा रुपये सूट देती. ती गेली की आता."

म्हणजे चार मिळवायला मी सहा घालवले होते. ते एकशेचार वेगळेच.

 बनुबाईने हातमोज्यांकडे पाहिलं, काळ्या चष्म्याकडे पाहिलं, दारातल्या हिरव्या मोटारीकडे पाहिलं. मग शांतपणे भावाला विचारलं, की तुमची कंपनी माणसांचाही विमा उतरवते का?

विषय बदलला म्हणून जोतिबाला हायसं वाटलं. त्याने लगेच पिशवीतून छापील फॉर्म काढला, मला समोर बसवलं आणि वय विचारलं, वजन विचारलं, दात किती शिल्लक आहेत ते विचारलं. मी मुकाट्याने सांगत गेलो. मग त्याने फॉर्मातला पुढचा प्रश्न वाचला. घराण्यात आजवर कुणाला वेड लागलं होतं का?

मी नाही म्हणणार, तेवढ्यात बनुबाईने हात वर केला.

"लिव्ह रं जोतिबा," ती म्हणाली. "आदी कुनाला न्हवतं. सुरवात ह्यांच्यापासनं."