ठोंब्याचे पथ्य

ठोंब्या म्हातारा झाला, हे घरात सगळ्यात शेवटी मान्य केले ते तपासनीसांनी. कुत्रा जिन्याच्या मधल्या पायरीवर बसून राहायला लागला, हाक मारली की भलतीकडेच बघायला लागला, तरी ते म्हणत होते, "सोंग आहे. उचलून न्यावं म्हणून करतो."

उभी हयात त्यांनी विमा कंपनीत दावे तपासण्यात घालवली होती. जळालेल्या गोदामाची राख चिमटीत धरून ती मालाची की रद्दीची, हे ते सांगत. लंगडत आलेला माणूस परत जाताना कोणत्या पायाने लंगडतो, हे पाहायला खिडकीशी उभे राहत. निवृत्तीनंतर दावे संपले, पण नजर काही निवली नाही. आता ती दूधवाल्यावर, शेजारच्या मास्तरांवर आणि उरलेला वेळ बायकोवर असे.

शेवटी बायकोनेच दोघांना, म्हणजे नवऱ्याला आणि कुत्र्याला, रिक्षात घालून प्राण्यांच्या दवाखान्यात नेले. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी ठोंब्याचे दात पाहिले, पोट चाचपले, मागचे पाय हळूच वाकवून पाहिले.

"काका, वय झालंय त्याचं. वजनही वाढलंय, सांधे धरलेत, दाढा तर झिजूनच गेल्यात. तरण्या कुत्र्याचं खाणं आता त्याला सोसायचं नाही. म्हाताऱ्या कुत्र्यांसाठी वेगळं खाणं मिळतं, ते सुरू करा."

"कुठं मिळतं?"

"हे काय, शेजारीच."

शेजारी प्राण्यांच्या खाण्याचे दुकान होते आणि दवाखान्याच्या भिंतीतून त्या दुकानात जायला एक दार होते. तपासनीसांनी बायकोला कोपराने ढोसले.

"दार बघितलंस?"

"बघितलं. लोकांना वळसा पडू नये म्हणून असेल."

"असंच सांगतात."

दुकानात त्यांनी खिशातून भिंग काढले. पाकिटावर हिरवळीवर उड्या मारणारा एक कुत्रा होता.

"हे म्हाताऱ्या कुत्र्याचं खाणं ना?" त्यांनी दुकानदाराला विचारले. "मग हा इतका उड्या कसा मारतोय? दात बघा याचे. हा तर अजून वयातही आला नसेल."

"काका, तो फोटोतला आहे."

"आणि हे काय लिहिलंय? प्राणिजन्य घटक. कुठल्या प्राण्याचे?"

"नाव नसतं हो दिलेलं."

"नाव नाही, म्हणजे ओळख लपवलीय," तपासनीस म्हणाले आणि त्यांनी पाकीट जागेवर ठेवले. मग घरी येईपर्यंत रिक्षात ते एकच वाक्य निरनिराळ्या शब्दांत बोलत राहिले: ज्याचे शिजणे आपण डोळ्यांनी पाहिलेले नाही, ते या घरात कुणाच्याही पोटात जाणार नाही.

"म्हणजे शिजवायचं मी," बायको म्हणाली.

"मी लक्ष ठेवीन."

मग तपासनीसांनी डॉक्टरीणबाईंना फोन करून घरच्या खाण्याची कृती विचारून घेतली. कोंबडीचे मांस, थोडी कलेजी, मऊ भात, गाजर. मीठ नाही, तेल नाही, कांदा तर अजिबात नाही. दाढा नाहीत म्हणून सगळे मिक्सरमधून काढायचे. बायकोने निमूटपणे ऐकून घेतले. तिला या असल्या स्वयंपाकाची सवय होती, कारण घरात एक पथ्य आधीपासूनच चालू होते. तपासनीसांच्या पोटात व्रण झाला होता आणि पोटाच्या डॉक्टरांनी त्यांना तिखट, तळलेले, आंबट असे जे जे म्हणून जिभेला कळते, ते बंद केले होते. त्यांच्यासाठी लाल भोपळा, ओट्स आणि मऊ भात शिजे, तोही मिक्सरमधून फिरवून. ताट पुढे आले की तपासनीस आधी त्याकडे आणि मग बायकोकडे, आरोपीकडे बघावे तसे बघत.

आता फ्रिजमध्ये दोन सारखे स्टीलचे डबे राहू लागले. दोन्हींतल्या ऐवजाचा रंगही सारखाच, ओल्या विटेसारखा. ठोंब्याच्या डब्याला ओळखीसाठी लाल रबरबँड लावलेले असे.

ठोंब्याने पहिल्या दिवशी वाडग्यात नाक घातले, बाहेर काढले आणि सतरंजीवर जाऊन भिंतीकडे तोंड करून पडला. दुसऱ्या दिवशी नाकही घातले नाही. तिसऱ्या दिवशी बायको त्याच्यापुढे मांडी घालून बसली आणि बोटावर घास घेऊन म्हणाली, "एवढंच घे रे राजा." त्याने तिचे मनगट चाटले आणि घास तसाच ठेवला.

तपासनीस दारातून बघत होते. "बाहेर काहीतरी खातोय. उपाशी कुत्रा असा पडत नाही."

"उपाशी कुत्रा असाच पडतो," बायको म्हणाली आणि पदराने डोळे टिपायला लागली. तपासनीस बाहेर जाऊन जिन्यात उभे राहिले. हा कुत्रा पिल्लू असताना त्यांच्या कचेरीच्या बुटात झोपायचा. तो जेवत नाही, हे कुणाच्या तरी कारस्थानाने होत असेल तर बरे, नाहीतर ते वयाने होत आहे असे धरावे लागणार होते, आणि वयाची चौकशी कुठे लावता येत नाही.

म्हणून त्यांनी मास्तरांवर संशय घेतला. मास्तर संध्याकाळी जिन्यात बसून ठोंब्याशी गप्पा मारत.

"मास्तर, तुमच्या खिशात काय आहे?"

"चष्म्याचं घर."

"दाखवा."

मास्तरांनी शांतपणे दाखवले. मग म्हणाले, "आता तुमचा खिसा दाखवा."

तपासनीसांच्या खिशातून तीन बिस्किटे निघाली, त्यातले एक अर्धे खाल्लेले.

"हा सापळा आहे," तपासनीस म्हणाले.

"सापळ्यात कुत्रा सापडलेला दिसतोय," मास्तर म्हणाले. त्या दिवसापासून दोघांचे बोलणे थोडे कमी झाले आणि बिस्किटे बंद झाली. ठोंब्या मात्र वाडग्याकडे फिरकेना.

आणि मग एका दुपारी वाडगा रिकामा सापडला. नुसता रिकामा नाही, घासल्यासारखा लख्ख. ठोंब्या त्याच्याशेजारी पोट वर करून झोपला होता. बायकोने आनंदाने सगळ्या आळीला ऐकू जाईल असा सुस्कारा सोडला. तपासनीसांनी वाडगा उचलून उजेडात धरला.

"मांजर येऊन गेलं असणार."

"त्याच्या मिशा बघा. मिशांना लागलंय."

"मांजरानं पुसलं असेल," तपासनीस म्हणाले, पण त्यांना स्वतःलाच ते पटले नाही.

दुसऱ्या दिवशीही वाडगा लख्ख, तिसऱ्याही दिवशी. तपासनीसांनी वाडग्याभोवती कणीक भुरभुरवून पाहिली. पावलांचे ठसे निघाले ते फक्त ठोंब्याचे आणि कणीक झाडायला आलेल्या बायकोचे. कुत्रा खात होता, यात शंका उरली नाही. पण जे खाणे त्याने इतके दिवस चाखलेही नाही, ते तो अचानक का खाऊ लागला? कारणाशिवाय कुणी सुधारत नाही, असा तपासनीसांचा नोकरीतला अनुभव होता.

त्याच सुमारास दुसरीही एक संशयास्पद गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. त्यांचे स्वतःचे जेवण चांगले लागायला लागले होते.

पहिल्या दिवशी त्यांना वाटले, आपल्याला भूक लागली असेल. दुसऱ्या दिवशी त्यांनी ताट पुसून खाल्ले. तिसऱ्या दिवशी त्यांनी बोट चाटले आणि चाटता चाटता थांबले. चव जिभेच्या ओळखीची होती, पण नाव काही आठवेना. एवढ्या वर्षांच्या संसारात बायको अचानक पथ्याचे जेवण चविष्ट करू लागते, याचा अर्थ काय?

"तुझा भाऊ राहायला येणार आहे का?" त्यांनी विचारले.

"नाही."

"माझं काही हरवलंय? फुटलंय?"

"काही नाही. जेवा."

"यात मीठ घातलंयस तू."

"कणभरही नाही. शपथ घेऊन सांगते."

शपथ तिने इतकी चटकन घेतली की ती खरी असणार, हे तपासनीसांना कळले. म्हणजे ती मिठाबद्दल खरे बोलत होती आणि दुसऱ्या कशाबद्दल तरी गप्प होती. असे साक्षीदार त्यांनी पुष्कळ पाहिले होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते वर्तमानपत्र तोंडावर घेऊन आरामखुर्चीत पडले आणि घोरायला लागले. घोरणे खरे वाटावे म्हणून मध्ये एकदा अडकलेही. बायको स्वयंपाकघरात गेली. ते मोज्यांवर, पाय न वाजवता, दाराच्या फटीशी जाऊन उभे राहिले.

बायकोने फ्रिजमधून बिनरबराचा डबा काढला. तो भोपळ्याचा, म्हणजे त्यांचा. तो तिने ठोंब्याच्या वाडग्यात रिकामा केला. ठोंब्याने शेपटी हलवत त्यात तोंड घातले.

माझे जेवण कुत्र्याला देते, तपासनीसांच्या मनात आले. मग मला काय?

बायकोने लाल रबरबँडचा डबा काढला. त्यातले खाणे भांड्यात घेऊन मंद आचेवर गरम केले. त्यांच्या ताटात नीट गोल वाढले. क्षणभर ते न्याहाळले. मग कोथिंबिरीची दोन पाने खुडून वर ठेवली.

त्या कोथिंबिरीने तपासनीसांचा तोल गेला. दार उघडून ते आत आले.

"किती दिवस चाललंय हे?"

बायको दचकली नाही. तिने गॅस बंद केला. "पहिल्यांदा चुकून झालं. चष्मा दुरुस्तीला दिला होता आणि रबरबँड तुटलं होतं. तुम्ही जेवून उठलात आणि म्हणालात, आज जमलंय. लग्नानंतर पहिल्यांदा म्हणालात. मग मी वाडगा बघितला, तोही रिकामा. तेव्हा लक्षात आलं."

"आणि तू सांगितलं नाहीस."

"सांगणार होते. पण दोघंही इतके शांत झोपला होतात."

"मी कुत्र्याचं अन्न खाल्लं."

"कोंबडी, कलेजी, भात आणि गाजर. कलेजी मी पिठासारखी बारीक करते. तुम्हाला काही पोटाच्या डॉक्टरांनी कलेजी बंद केली नव्हती. तुम्हीच खाटकावर संशय घेऊन ती सोडली होती."

"आणि त्याला माझा भोपळा?"

"त्यात मीठ नाही, तेल नाही, कांदा नाही. कुत्र्याला वाईट असं त्यात काही नाही. माणसालाच वाईट आहे ते."

तपासनीसांनी तडकाफडकी निकाल दिला: ज्याचे त्याने खावे. त्यांनी स्वतःच्या हाताने ताट उचलून वाडग्यापाशी ठेवले आणि वाडग्याला हात घातला. ठोंब्या, जो गेले कित्येक महिने कुणावर गुरगुरला नव्हता, गुरगुरला. तेव्हा बायकोने संध्याकाळी ताजा भोपळा शिजवून त्यांना वाढला. तपासनीसांनी दोन घास तत्त्वासाठी खाल्ले, तिसरा घशाखाली उतरेना. ठोंब्यापुढे कलेजी ठेवली, तर तो भिंतीकडे तोंड करून पडला. उपाशीपोटी दोघेही गॅलरीत जाऊन बसले. बायको आतून भांडी आवरत होती, जरा जोरात.

दुसऱ्या दिवशी सकाळी तपासनीसांनी तिला विचारले, "कोथिंबीर आहे का घरात?"

बायकोने लाल रबरबँडचा डबा गॅसशेजारी काढून ठेवला.

महिन्याभराने पोटाच्या डॉक्टरांकडे रक्त तपासले, तर रक्त वाढले होते. "चेहऱ्यावर तेज आलंय," डॉक्टर म्हणाले. "काय खाता?" "घरचं," तपासनीस म्हणाले, आणि बायकोने छताच्या पंख्याकडे पाहिले. त्याच आठवड्यात ठोंब्यालाही दाखवायला नेले. तो टेबलाशी स्वतःच्या पायांनी चालत गेला. डॉक्टरीणबाईंनी त्याला काट्यावर उभे केले, पाय वाकवले, डोळे पाहिले.

"काका, वजन उतरलंय की. चालही मोकळी झालीय. मी सांगितलेलंच देताय ना?"

बायकोने पिशवीचा बंद सारखा केला. तपासनीसांनी आयुष्यात शेकडो माणसांच्या तोंडून खोटे ऐकले होते. ते कसे बोलतात, कुठे अडखळतात, हे त्यांना पाठ होते. ते स्वतः अजिबात अडखळले नाहीत.

"तंतोतंत," ते म्हणाले.

"मग बदलू नका. छान चाललंय."

बाहेर बाकावर एक बाई म्हातारी कुत्री मांडीवर घेऊन बसली होती. कुत्रीचे डोळे मिटलेले, हाडे वर आलेली. दारातून ताठ मानेने चालत येणाऱ्या ठोंब्याकडे बाईने पाहिले आणि ती बाकावर पुढे सरकून बसली.

"काय वय आहे याचं?" तिने विचारले. वय ऐकून ती म्हणाली, "आमचीही एवढीच. पण अन्नाला तोंड लावत नाही. सगळी पाकिटं झाली, घरचं झालं. तुम्ही काय देता हो?"

तपासनीस चालत चालत थांबले. बायको त्यांची बाही ओढत होती. पण मांडीवरच्या त्या कुत्रीची शेपटी, नुसती एवढीशी, बाकावर आपटली, आणि त्यांना राहवेना. त्यांनी मागे वळून आतल्या दाराकडे पाहिले, डॉक्टरीणबाई नाहीत अशी खात्री करून घेतली, आणि बाईच्या कानाशी वाकून हळू आवाजात विचारले,

"तुमच्या घरी पथ्यावर असलेलं कुणी माणूस आहे का?"

बाईने त्यांना नखशिखान्त न्याहाळले. मग तिने कुत्रीला पदराखाली घेतले आणि ती बाकाच्या पार दुसऱ्या टोकाला सरकली.