भर उन्हातला ओक

तेओदूलसाहेब स्वतःला फ्रान्समधलं तिसरं नाक म्हणवून घेत. पहिली दोन कुणाची, हे विनयापोटी त्यांनी कधी सांगितलं नाही. उभी हयात जकात नाक्यावर पोती हुंगण्यात गेल्यामुळे, आपल्याला गुन्ह्याचा वास लांबूनच येतो, अशी त्यांची खात्री होती. फोंतेनब्लोच्या जंगलाच्या कडेला ओदिलबाईंच्या खाणावळीत चित्रकार राहत आणि तेओदूलसाहेब जेवत.

एका सकाळी चित्रकार आन्सेल्म रडकुंडीला येऊन त्यांच्यापुढे उभा राहिला.

"साहेब, माझं चित्र कुणीतरी बदललं! काल भर उन्हात बसून ओकचं झाड रंगवलं. पानं नुसती झळकत होती. चित्र पेटीत घालून पेटी खोलीत ठेवली, आता उघडली तर हे!"

पेटीत एक ओलं, काळपट चित्र होतं. दुपारी पॅरिसचा चित्रव्यापारी येणार होता. चित्र खपलं नाही, तर आन्सेल्मला वडिलांच्या साबणाच्या कारखान्यात रुजू व्हावं लागणार होतं.

तेओदूलसाहेबांनी चित्र हुंगलं. नाकाला हिरवा रंग लागला.

"चोराचे हात हिरवे आहेत."

"इथं सगळ्यांचेच आहेत, साहेब."

"म्हणजे टोळी! तुमच्या शेजारी कोण होतं?"

"एक गाय."

"तिच्याआड कुणीही लपू शकतं," म्हणत साहेब तडक कुरणाकडे निघाले.

कांदा चिरणाऱ्या ओदिलबाईंनी कपाळावर हात मारला. "कसला चोर नि कसलं काय! तुझंच चित्र आहे ते. उन्हात डोळे दिपतात, मग तुम्ही चित्रकार रंग गडद फासता. घरात आणलं की चिखल! दर उन्हाळ्यात माझ्याकडे एक तरी अशी चोरी होतेच." त्यांनी चित्र अंगणात नेऊन उन्हात धरलं, तशी पानं झळाळली. आन्सेल्मचा जीव भांड्यात पडला.

व्यापाऱ्याला अंगणातच ऑम्लेट वाढण्यात आलं. घामाघूम होत त्याने चित्र पाहिलं, खूश झाला, विकत घेऊन आगगाडीत बसला.

चार दिवसांनी तो चित्र काखोटीला मारून धापा टाकत परत आला. "फसवणूक! माझे पैसे परत करा! हे ते चित्रच नव्हे!"

आन्सेल्मला साबणाचा वास येऊ लागला. इतक्यात तेओदूलसाहेब मध्ये पडले.

"इथून निघताना चित्र बरोबर होतं?"

"होतं."

"मग ते गाडीत बदललं. त्यात या गरीब चित्रकाराचा काय दोष?"

व्यापारी विचारात पडला. साहेबांचा हा सगळ्यात मोठा घोळ आन्सेल्मला मात्र गोड लागला.

"खरंय," व्यापारी ओशाळून म्हणाला. "मग असं करा, अगदी तस्संच दुसरं काढून द्या. पण या खेपेला पेटीला कुलूप घाला!"