विशे सरांचं कॉलेज

माझे वडील गेले तेव्हा शाळेतले सगळे भेटायला आले. कोणी खांद्यावर हात ठेवला, कोणी डोळे पुसले. आमचे पी.टी.चे विशे सर आले ते थेट माझ्यासमोर मांडी घालून बसले आणि म्हणाले, "मास्तर, सकाळपासून काय खाल्लं?" मी म्हटलं, चहा. "नुसता चहा? नापास," असं म्हणून त्यांनी पिशवीतून दोन उकडलेली अंडी काढली. सुतकात अंडी! आत्याने त्यांच्याकडे असं पाहिलं की दुसरा कोणी असता तर उठून पळाला असता. सरांनी अंडी पिशवीत ठेवली आणि केळी काढली.

नव्वद सालानंतरची ही गोष्ट. किन्हवलीजवळच्या एका शाळेत मी इंग्रजी शिकवायचो आणि विशे सर मैदानावर. सरांनी लग्न केलेलं नव्हतं. शाळेमागच्या एका खोलीत राहायचे आणि जगातली ताटं पास-नापास करत फिरायचे. पंगतीत त्यांच्या शेजारी बसायला कोणी धजायचं नाही. "भात तीन वेळा घेतला, डाळ एकदाच. नापास." एकदा तपासणीला आलेल्या साहेबांचाच डबा त्यांनी नापास केला. शाळेला काय शेरा मिळणार हे आम्हाला तेव्हाच कळलं.

पण हे किरकोळ. त्यांचं खरं वेड क्रीडासाहित्याच्या खोलीत, लेझमांच्या वर टांगलेलं होतं. एक पुठ्ठा, त्यावर 'बारावीनंतर काय?' आणि खाली बाण. एक बाण आहारशास्त्राच्या पदवीकडे, दुसरा शारीरिक शिक्षणाच्या पदवीकडे, तिसरा व्यायामशास्त्र नावाच्या कशाकडे तरी, जे आमच्यापैकी कोणी ऐकलंही नव्हतं. दर जूनमध्ये सर आटगावहून गाडी पकडून मुंबईची कॉलेजं पालथी घालायचे आणि माहितीपुस्तिका घेऊन यायचे. त्यांचं म्हणणं सरळ होतं. आपली पोरं प्रार्थनेला चक्कर येऊन पडतात. का पडतात हे शिकलेलं माणूस आपल्याच वाड्यांतून निघायला पाहिजे.

पालक ऐकून घ्यायचे. एक जण म्हणाला, तीन वर्षं शिकून पोरगी ताटात काय वाढायचं तेच सांगणार ना, ते आमची म्हातारी रोज सांगते, नको म्हटलं तरी. यावर आम्ही स्टाफरूममध्ये आठवडाभर हसलो. सर हसले नाहीत.

मग नववीत सुनंदा आली. वाडीवरची पोर, अनवाणी धावायची, धावता धावता जिल्ह्यापर्यंत गेली. एक दिवस तिने विचारलं, "सर, दुसऱ्या फेरीला पायातला जीव कुठं जातो?" एवढ्या वर्षांत हा प्रश्न सरांना कोणी विचारला नव्हता. त्या दिवसापासून त्यांच्या तोंडी दुसरं नाव नाही. ही पोरगी आहारशास्त्र शिकणार, कल्याणला मामाकडे राहून शिकणार. तिच्या बापाच्या दारी सरांनी किती खेपा घातल्या देव जाणे. शेवटी बाप हो म्हणाला.

दहावीनंतर विज्ञान घ्यायचं तर रोज शहापूर गाठायचं. सर म्हणाले, कशाला? पुठ्ठ्यावर लिहिलंच होतं, 'कोणतीही शाखा चालेल.' सुनंदाने जवळच कला शाखा घेतली. बारावीला चांगले मार्क पडले. सर तिला आणि बापाला घेऊन कॉलेजात गेले. खिडकीतल्या बाईंनी गुणपत्रिका पाहिली आणि परत दिली. आहारशास्त्राला विज्ञानच लागतं म्हणाल्या. कोणतीही शाखा चालत होती ती शारीरिक शिक्षणाला. पुठ्ठ्यावर जागा कमी पडली म्हणून सरांनी पहिल्या दोन्ही बाणांखाली मिळून एकच ओळ लिहिली होती.

शारीरिक शिक्षणाचं कॉलेज पार परजिल्ह्यात. बाप एकदा हो म्हणाला होता, दुसऱ्यांदा म्हणाला नाही. पुढच्या मे महिन्यात सुनंदाचं लग्न झालं, मुरबाडकडच्या एका वाडीत. पुठ्ठा भिंतीवरून गेला. त्या लग्नात सरांनी कोणाचंच ताट नापास केलं नाही. खाली मान घालून जेवले आणि निघून गेले.

त्यानंतर त्यांनी आहारशास्त्राचं एक इंग्रजी पुस्तक पैदा केलं. दर शनिवारी शाळा सुटली की माझ्या घरी हजर. मी वाचायचं, मराठीत सांगायचं, त्यांनी वहीत उतरवायचं. या वयात कशाला हा उपद्व्याप, असं मी शंभरदा बोललो. "म्हाईत असावं माणसाला," एवढंच उत्तर. माझी शनिवारची झोप गेली ती वर्षानुवर्षं. रविवारी सर एसटीने मुरबाडकडे जायचे. आम्ही चिडवायचो, सरांनी तिकडे कोणीतरी बघितलेली दिसते.

एका रविवारी मला मुरबाडला काम निघालं आणि एसटीत ते शेजारीच सापडले. चोरी पकडल्यासारखं तोंड झालं त्यांचं. मग हळूच म्हणाले, "चला, आलाच हाय तर."

सुनंदाच्या पडवीत चटई आधीच टाकलेली होती. मांडीवर एक पोर, दुसरं अंगणात, तिच्या हातात वही. सरांनी पिशवीतून हाताने लिहिलेली प्रश्नपत्रिका काढली. वर लिहिलं होतं, 'वर्ष तिसरे, सहामाही.' प्रश्न माझ्याच शनिवारांचे होते. ती खाली वाकून उत्तरं लिहीत होती आणि सर पाठीमागे हात बांधून, परीक्षेत फिरतात तसे, अंगणात येरझाऱ्या घालत होते. इतकी वर्षं या माणसाची थट्टा केली, याची मला तिथे लाज वाटली.

पेपर झाला. शेजारच्या झोपडीतलं एक किरकिरं पोर बघायला सर तिकडे गेले. मी सुनंदाला विचारलं, याचा तुला उपयोग होतो का गं?

"होतो की. वाडीतल्या पोरांना काय घालावं ते समजतं," ती म्हणाली. "पण परीक्षा कुठं द्यायचीय मला? मी सरांना कवाच सांगितलं, तुमची चूक मी विसरले, आता येऊ नका एवढ्या लांब. तर दोन रविवार आले नाय. तिसऱ्या रविवारी मीच निरोप धाडला, मला पुढचं समजत नाय म्हून." तिने मांडीवरचं पोर खांद्यावर घेतलं आणि सर गेले होते त्या बाजूला बघितलं. "त्यांना रविवारी जायला दुसरं घर नाय, सर. आन् हे पुस्तक आता संपत आलंय. तुमी दुसरं बघा ना एखादं. जरा जाड बघा."