होडीच्या अकरा मिनिटांची बखर

श्रीमंत अखंडितलक्ष्मी-अलंकृत कंपनी सरकार यांचे हुजुरास तक्रार-दफ्तरच्या कारकुनाची अर्जी ऐसी जे: सरकारांतून आज्ञा जाहली की होडीचे प्रकरणी काय घडले ते एका पानात लिहून द्यावे. आज्ञा शिरसावंद्य. परंतु हे वर्तमान एका पानात मावणारे नव्हे, आणि एका पानात मावतो तो मजकूर कोणी वाचीत नाही, हा दफ्तरचा जुना अनुभव. सबब जे पडद्यावर पाहिले आणि जे चहाचे यंत्रापाशी कानी आले, ते पदरचे तिखटमीठ न लावता लिहितो. लागले असेल तर ते मूळचेच समजावे.

एकोणीस वर्षांमागे तीन असामी एकत्र जाहल्या. एक चित्रे काढणारा, एक पैका आणणारा, आणि तिसरे तात्या, जे संगणकास समजेल ऐसे लिहिणारे. त्यांनी 'पैलथडी' नामे खेळ उभा केला. ज्याने त्याने आपले घरी संगणकापुढे बसावे, तिरंदाज, वैद्य, लोहार ऐसे रूप घ्यावे, आणि सर्वांनी एकाच मुलखात भेटून राक्षसांशी झुंजावे, ऐसी रचना. दरमहा ठरली वर्गणी भरणारास मुलूख खुला. बघता बघता चाळीस हजार रयत जमली, दोन मजले कचेरी जाहली, आणि कचेरीत मासे पोहतात ऐसी काचेची पेटीदेखील आली.

त्या मुलखात मध्ये नदी. अलीकडे बाजार, पलीकडे राक्षस, आणि पार जाण्यास होडी एकच. त्या होडीस अकरा मिनिटे लागत. वास्तविक तात्यांचे मनी सहासष्ट सेकंद होते, परंतु खेळ खुला करण्याचे गडबडीत एक शून्य अधिक पडले आणि सहाशे साठ जाहले. तिसरे दिवशी चूक ध्यानी आली. मग तात्या दुरुस्तीपूर्वी खातरजमा करावी म्हणोन स्वतः होडीत बसले, आणि पाहतात तो अठरा माणसे बसलेली, लढता येत नाही, विकता येत नाही, म्हणोन बोलत आहेत. एक लोहार एका वैद्यास आपले खरे गुडघेदुखीचे वर्तमान सांगत होता आणि ती वैद्य खरोखरीच दाताची डॉक्टर निघाली, तरी ऐकत होती. तात्या उतरले आणि त्यांनी शून्य तैसेच ठेविले.

येथोन कचेरीत एक शिरस्ता पडला. दर सोमवारी दुरुस्त्यांची यादी वाचावी. हिशेब आणि दफ्तर सांभाळणाऱ्या फडणीसकाकूंनी चष्मा पुसून कलम पहिले वाचावे, "होडी हळू चालते," आणि तात्यांनी म्हणावे, "पुढील सोमवारी," आणि काकूंनी कलम दुसरे घ्यावे. ऐसे नऊशे अठ्ठ्याऐंशी सोमवार गेले. इतका नेम पुष्कळांचा देवपूजेतही टिकत नाही.

आता तात्यांचे घरचे वर्तमान सांगणे अवश्य, कारण सारी मोहीम त्यावर फिरली. तात्यांस कन्या एक. ती दूरदेशी इस्पितळात हाडांची छायाचित्रे काढणारी. जातीची घाईची. जिन्याच्या दोन-दोन पायऱ्या चढणार, उकळता चहा उभ्याने पिणार. बापलेकींचे प्रेम अपार, परंतु फोनवर दोघांचीही वाचा बसे. जेवलात का, जेवलो, तू, हो, बरं ठेवते मग, इतके चाळीस सेकंदात आटोपे आणि मग दोघेही आपापले ठिकाणी फोनकडे बघत बसत. मात्र दर रविवारी दुपारी चार वाजता ती तिरंदाजाचे रूपे होडीत बसे आणि तात्या नावाड्याचे रूप घेऊन वल्हे धरीत. अकरा मिनिटे कोणास उतरता येत नसे. नोकरी लागली ते तिने होडीत सांगितले. लग्न मोडले तेही होडीतच, सातवे मिनिटास. तात्यांचे आयुष्यात लेकीची जी काही खबर होती ती त्या पाण्यावरची.

मग कालचक्र फिरले. बाजारी नवे खेळ आले, ते खिशातील फोनवर चालत आणि दाम मागत नसत. पैलथडीचे जुने शूर संसारास लागले, कोणाचे मनगट धरले, कोणास जुळे जाहले. चाळीस हजारांचे चार हजार उरले. वरचा मजला गेला, मग खालचा गेला, आणि सरकारची कचेरी टायरच्या दुकानावरील दीड खोलीत आली. मासे कोणी नेले त्याचा दफ्तरी दाखला नाही. चित्रे काढणारा शिक्षक जाहला, पैका आणणारा पैका आणण्यास गेला तो परतला नाही, आणि दौलत एका थोर कंपनीने भंगाराचे भावात घेतली. त्या थोर कंपनीने आपले तर्फे एक सरदार रवाना केला. हुद्द्याने तो मूल्यनिर्धारण-प्रमुख, परंतु इतके कोण म्हणणार, म्हणोन सर्व त्यास दरसाहेब म्हणू लागले.

दरसाहेब बहुत हुषार, उमर बत्तीस, कंबर साठ. पाठदुखीमुळे स्वतःची उशी काखेत घेऊन फिरत. माणूस वाईट नव्हता हे प्रामाणिकपणे लिहितो, केवळ जे मोजता येत नाही ते त्यास दिसत नसे. आल्या दिवशी त्याने फर्मान काढले की वर्गणी बंद, दार फुकट. मात्र आत घोड्याचे खोगीर विकत, पिशवीत अधिक जागा विकत, टोपीस पीस लावणे तेही विकत. पहिले आठवड्यात फुकटे वीस हजार आले, आणि दुसरे आठवड्यात वीस हजार गेले. खोगिरे सहा खपली, त्यांतील एक काकूंनी दया येऊन घेतले, आणि काकूंपाशी घोडा नाही. मग थोर कंपनीचा खलिता आला की तीन महिन्यांत आमदनी न दिसेल तर यंत्रे बंद करोन मुलूख बुडवावा.

दरसाहेबांनी कंबर कसली, म्हणजे कंबरपट्टा बांधला, आणि तीन दिवस रयतेच्या हालचालींचे तक्ते पाहिले, आणि चौथे दिवशी सोमवार होता. काकूंनी कलम पहिले वाचले. तात्या "पुढील सोमवारी" म्हणाले. काकू कलम दुसऱ्याकडे वळणार इतक्यात दरसाहेबांनी हात वर केला, आणि ही होडी दुरुस्त करावयास किती वेळ लागेल ऐसे पुसले. खोटे बोलण्याची सवय नसल्याने तात्यांनी सांगितले की पाव मिनिट. दरसाहेबांचे मुखावर तेज आले. मग हुकूम सुटला तो ऐसा: होडी दुरुस्त करू नये. दुरुस्ती विकावी. जो तिकीट घेईल तो निमिषात पार, जो न घेईल त्याने अकरा मिनिटे बसावे. आणि चटक लागावी म्हणोन पहिले तिकीट प्रत्येकास फुकट द्यावे.

बाकीची मंडळी दौलत वाचते म्हणोन हर्षली. तात्यांस मात्र कन्या आठवली. ज्या लेकीस लिफ्टची वाट बघवत नाही, तिचे हाती ताबडतोब पार नेणारे तिकीट देणे, आणि तेही आपले हाताने लिहून. न लिहावे तर मुलूखच बुडणार आणि होडी त्यासोबत. तात्यांनी मग गनिमी कावा आरंभिला. दोन तासांचे काम तेरा दिवस पुरविले. जुना परवलीचा शब्द आठवत नाही म्हणाले. यंत्राचा पंखा वाजतो म्हणोन दोन दिवस पंखा ऐकत बसले. एके दिवशी नवा चष्मा करावयास गेले आणि जुनाच घालून परतले. परंतु चौदावे दिवशी दरसाहेब उशी घेऊन थेट त्यांचे मेजापाशी येऊन बसले, आणि तिकीट लिहून जाहले.

रविवारी सर्व कचेरी हजर. फुकट तिकिटे घरोघर पोहोचली होती. चारास पाच कमी असता तात्यांनी नावाड्याचे रूप घेतले आणि होडीत उभे राहिले. अलीकडे काठावर कन्येची तिरंदाज दिसली. ती दोन पावले होडीकडे आली, थांबली, आणि दिसेनाशी जाहली, आणि त्याच क्षणी पलीकडे काठावर तिचे नाव उमटले. तात्यांनी चष्मा काढून मेजावर ठेविला. होडी सुटण्याची वेळ जाहली होती, ती सुटली. अकरा मिनिटे नावाडी वल्हवीत राहिला. काकूंनी तात्यांपुढे चहा ठेविला, तो तैसाच थंड जाहला. प्रस्तुत कारकुनासही त्या दिवशी पडद्याकडे पाहवले नाही, हे लिहिण्यास संकोच नाही.

होडी पैलतीरी लागली. तिरंदाज तेथेच उभी होती. तिने लिहिले, "बाबा, कुठे होतात? अकरा मिनिटं झाली, मी उभी आहे इथे."

तात्यांनी लिहिले, "होडीत होतो."

"तिकीट नाही वापरलंत? मला वाटलं, पटकन पोचलं तर तुमच्याशी जास्त बोलता येईल."

आणि तिचे भोवती आणखी चाळीस असामी उभ्या होत्या. त्यांनीही तिकीट वापरले होते, निमिषात पार आल्या होत्या, आणि ज्यांच्याशी बोलावयाचे ते सर्व होडीत म्हणोन होडीची वाट पाहत अकरा मिनिटे ओल्या वाळूत तिष्ठत होत्या. त्यांतील सतरांनी होडी उशिरा आल्याची तक्रार आमचे दफ्तरी तेथोनच गुदरली. मग तिरंदाज होडीत चढली आणि तिने लिहिले, "चला परत. सांगायचं बरंच आहे." आणि ती एकेचाळीस माणसे, जिकडून आली तिकडेच, मुद्दाम हळूहळू परत गेली. राक्षस त्या दिवशी कोणी मारला नाही.

त्यापुढे आठवडाभर तिकीट एकच खपले, ते दरसाहेबांनी चालते की नाही पाहावयास घेतले. परंतु दरसाहेब हार खाणारे नव्हेत. त्यांनी दुसरा हुकूम काढला की लोकांस पुरता त्रास नाही म्हणोन तिकीट खपत नाही, सबब होडी चाळीस मिनिटांची करावी. हे काम तात्यांनी हुकूम संपण्याचे आत केले. नोकरीतील इतकी चपळाई कोणी पाहिली नव्हती. परिणाम ऐसा जाहला की वर्षानुवर्षे न फिरकलेले जुने लोक, होडी आता चाळीस मिनिटे चालते ऐसे ऐकोन, परवलीचे शब्द शोधून काढून परतले. जुळ्यांचा बाप आला. मनगट धरलेला एका हाताने आला. होडीत बसावयास रांग लागली, आणि आमचे दफ्तरी तक्रार आली ती ही की राक्षस मारावयास वेळच उरत नाही, तरी अकराच बरे होते.

दरसाहेबांचे तक्त्यात हे कोठे बसेना. तेव्हा ते जातीने मोहिमेवर निघाले, उशी पाठीशी लाविली, वैद्याचे रूप घेतले आणि होडीत चढले. शेजारी तो जुना लोहार होता. त्याने खरा वैद्य समजोन आपली गुडघेदुखी सांगितली, आणि दरसाहेबांनी आपली कंबर सांगितली, आणि लोहाराने एक कूस सांगितली की तिजवर निजावे. होडी पार लागली आणि परत फिरली आणि पुन्हा पार लागली. सायंकाळी काकूंनी काय आढळले ऐसे पुसता दरसाहेब इतकेच म्हणाले, "उतरायचं राहूनच गेलं."

मग तह जाहला. तहाची कलमे येणेप्रमाणे: होडी पूर्ववत अकरा मिनिटांची. तिकीट रद्द. मुलूख फुकटच राहावा, परंतु ज्याचे मनास येईल त्याने दरमहा होडीची वर्गणी द्यावी, आणि देणाराचे नाव होडीचे फळीवर कोरावे, बाकी त्यास काही मिळू नये. थोर कंपनीस पाठवावयाच्या तक्त्यात 'काय विकले' ऐसा रकाना होता. दरसाहेब त्यापुढे बराच वेळ बसले, शेवटी काकूंनी लेखणी घेऊन त्यात 'काही नाही' ऐसे लिहिले. वर्गणी जमली ती यंत्रांस आणि दीड खोलीस एक वर्ष पुरेल इतकी. वैभव परतले नाही, दुसरा मजला नाही, मासे नाहीत. परंतु यंत्रे बंद करण्याचा खलिता थोर कंपनीने मागे घेतला.

तहानंतरचे पहिले रविवारी, चार वाजता, होडी मध्यावर असता तात्यांनी मोठा धीर करोन लिहिले, "तुला एक सांगायचं राहिलंय. ही होडी मुळात एका मिनिटाची. माझ्या हातून एक शून्य जास्त पडलं."

"माहीत आहे."

"कधीपासून?"

"बारा वर्षांची होते. तुमच्या वहीत वाचलं होतं."

"मग तेव्हाच बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तुम्ही दुरुस्त केली असतीत."

नावाडी वल्हे हाती धरून उभा राहिला. होडीत अजोन चार मिनिटे शिल्लक होती आणि कोणास कोठे जावयाचे नव्हते.

दुसरे दिवशी सोमवार, नऊशे अठ्ठ्याण्णवावा. सर्व मंडळी दीड खोलीत हजर. फडणीसकाकूंनी चष्मा पुसून कलम पहिले वाचले, "होडी हळू चालते." तात्या तोंड उघडणार इतक्यात दरसाहेबांनी उशी सरळ केली आणि म्हटले, "पुढील सोमवारी."

काकूंनी कलम दुसरे घेतले. येणेप्रमाणे सरकारची फत्ते जाहली ती दफ्तरी दाखल केली असे.