काढलेल्यांचा डबा

आमच्या गावचं वाचनालय संध्याकाळी बंद झालं, की तातूकाका केरकर त्याला कुलूप लावायचे आणि अर्धं वाचनालय काखोटीला मारून घरी न्यायचे. म्हणजे पुस्तकं नव्हेत. एका कापडी पिशवीत त्या दिवशी बदललेली सभासदांची कार्डं. घरी त्यांच्या खाटेखाली पत्र्याची पेटी होती आणि तिच्यात गावातल्या प्रत्येक वाचकाच्या कार्डाची दुसरी प्रत. जेवायच्या आधी दोन्ही जुळली नाहीत, तर त्या माणसाला घास जात नसे.

धामापूरच्या अलीकडचं आमचं गाव, सभासद दीडशे. लोक हसायचे. पण तातूकाकांना विचारलंत, तर ते शांतपणे म्हणत, "एक प्रत वाळवेची, एक माणसांची." आमच्याकडची वाळवी ज्याने पाहिली आहे, तो यावर वाद घालत नाही.

त्यांचा दुसरा मंत्र होता, "नाय म्हणजे कित्याक नाय?" एखादी गोष्ट जागेवर नसली, तर ती का नाही, हे त्यांना कळायलाच हवं. रत्नागिरीतून आमचा जिल्हा तेव्हा नुकताच वेगळा झाला होता. सगळं गाव पेढे खात होतं आणि हे गृहस्थ पारावर जिल्ह्याच्या दप्तराच्या चिंतेत बसलेले. "कागद हंय इले, बरा झाला. पण थंयचे काय केल्यानी? ठेवले काय फाडले?" आता हे कोणाला विचारायचं? आम्ही पेढे खाल्ले.

पण त्यांची ही चिंता खुळी नव्हती, हे आम्हाला एका पावसाळ्यात कळलं. तातूकाका हिवतापाने पंधरा दिवस झोपले होते. वाचनालयाच्या सेक्रेटरींना हुरूप आला. त्यांनी घरची पेटी मागवली आणि जुळवणीला बसले. वाचनालयाच्या खणात चाळीसेक कार्डं कमी. ती वाळवीने खाल्ली होती. पण सेक्रेटरींनी हिशोब मांडला, की इथे नाहीत त्याअर्थी ती काढलेली असणार. म्हणून त्यांनी पेटीतलीही चाळीस फाडली. दोन्ही प्रती तंतोतंत जुळल्या! दुसऱ्या दिवशी चाळीस वाचकांना पुस्तक मिळेना. तातूकाका अंगात ताप, डोक्यावर घोंगडी अशा थाटात आले आणि दारातूनच ओरडले, "वाळवेन खाल्लला आणि माणसान काढलला, ह्यां एक काय ओ?"

तेव्हापासून काढलेल्यांचा डबा आला. बिस्किटांचा, मोठा. कोणी गाव सोडलं, कोणी वैतागून नाव काढलं, तर कार्ड फाडायचं नाही, दोन्हीकडचं उचलून त्या डब्यात टाकायचं. वर्षाने, ज्याने काढायला सांगितलं त्यानेच येऊन कार्डाच्या पाठीवर 'फाडा' लिहून सही करायची. तोवर फाडायचं बोलायचं नाही. एका गृहस्थाचं कार्ड त्याच्या बायकोने तीनदा काढायला लावलं, कारण तो रहस्यकथा वाचताना भात करपवायचा. तिन्ही वेळा ती बाईच महिनाभरात परत आली. "द्या ओ त्यांचा कार्ड. घरात बसान माझा डोक्या खातत."

मी हसायची. खूप हसायची. मग माझंच कार्ड त्या डब्यात गेलं.

मी शाळेत शिक्षिका होते आणि आंतोन त्याच शाळेत गणित शिकवायचा. आम्ही लग्न केलं. नाना, माझे वडील, घरात एवढंच म्हणाले, "माझ्यापुरती ती नाही." आणि दुसऱ्या दिवशी वाचनालयात जाऊन माझं कार्ड काढायला सांगून आले. ते त्यांच्या जामिनावर होतं ना! घरातून नाव काढायला वही नसते, म्हणून बहुधा त्यांनी ही गाठली. हे मला शेजारणीने कळवलं, तेव्हा घर सोडताना आलं नव्हतं एवढं रडू आलं.

सहा वर्षं आम्ही शिरोड्याला होतो. मी नानांना चार पत्रं लिहिली, उत्तर एकाचंही नाही. शेवटी एका सकाळी मी एस.टी.त बसले. गावात उतरले खरी, पण घराच्या वाटेला पाय वळेना. नानांनी दार लावून घेतलं असतं, तर मी पुन्हा त्या गावात आले नसते, हे मला माहीत होतं. म्हणून समोर दिसलं त्या वाचनालयात शिरले.

तातूकाकांनी चष्म्यावरून पाहिलं. "इलंस?" जणू मी कालच पुस्तक बदलून गेले होते. "बस गो बाय." त्यांनी डबा काढला आणि माझं कार्ड पुढे ठेवलं, पालथं.

पाठीवर नानांच्या मोडक्या अक्षरात सहा ओळी होत्या. सहाही सारख्याच. 'पुढच्या वर्षी बघू.' खाली सही.

"वर्साक एकदा येता," तातूकाका म्हणाले. "मी म्हणतंय, नाना, फाडा म्हणान लिव. तो पेन घेता, चष्मो पुसता, आणि ह्यां लिवता. मगे चाय पिवन जाता."

मी कार्ड सुलटं केलं, पुन्हा पालथं केलं. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "आणि दुसरं? पेटीतलं?"

ते पहिल्यांदाच ओशाळले. खण उगाच उघडला, लावला. "ता मी हलवूकच नाय," ते हळूच म्हणाले. "सा वर्सां माझे दोन प्रती जुळणत नाय."

ज्या माणसाला एका कार्डाच्या फरकाने जेवण जात नव्हतं, त्या माणसाने सहा वर्षं!

मग त्यांनी भर अकरा वाजता वाचनालयाला कुलूप लावलं. माझं कार्ड सदऱ्याच्या खिशात घातलं आणि चालू लागले. मी मागोमाग. आमच्या अंगणाच्या बेड्याशी, म्हणजे फाटकाशी, थांबून त्यांनी हाक मारली, "अरे नाना! भायर ये. एक कार्ड परत लावचा आसा, तुझी सही होयी."

नाना पेन घेऊनच बाहेर आले. मला पाहून थांबले, आणि चष्मा पुसायला लागले.