शंभराव्या दिवसाचं वादळ

ज्या मुलाला सहाव्या वर्षापर्यंत ‘स्टॉर्म’ हा इंग्रजी शब्द खऱ्या आणि लाक्षणिक अशा दोन्ही अर्थांनी वापरता येत नाही, त्याचं पुढे काय होतं याची नोंद चीनमधल्या वेनचौ शहरात कुठेच सापडत नाही. साधी नोंदही सापडत नाही, यावरूनच काय होत असेल ते ओळखावं. तोंग युएमेईने ओळखलं होतं. तिची मियानमियान साडेपाच वर्षांची झाली होती.

चान बाईंच्या इंग्रजी वर्गाची पद्धत निर्दोष होती. मुलाने रोज एक वाक्य बोलायचं आणि आईने त्याचा व्हिडिओ संध्याकाळी सहाच्या आत पालकांच्या ग्रुपवर टाकायचा. ओळीने शंभर दिवस भरले की वरच्या तुकडीत जागा. एक दिवस चुकला की मोजणी पुन्हा एकपासून. बाईंनी सूचना टाकली की तेवीसच्या तेवीस आया ‘मिळालं, बाई’ असं लिहीत. (काय मिळालं, हे विचारायची पद्धत नव्हती.)

बाईंचा आग्रह एवढाच की, मागचं दृश्य अस्सल हवं. ‘हत्ती’च्या दिवशी प्राणिसंग्रहालयातला हत्ती दुपारनंतर पाठ फिरवून उभा राहिला, असं म्हणतात.

नव्व्याण्णवाव्या दिवशी खऱ्या अर्थाचं स्टॉर्म होतं. समुद्रावरून चक्रीवादळ निघालं होतं खरं, पण त्याला वेळापत्रक मिळालेलं नव्हतं. आकाश स्वच्छ. शेवटी युएमेईने केस वाळवायचं यंत्र धरलं, सासूबाईंनी झारीने पाऊस पाडला आणि तिचा नवरा काइलिन चादर हलवत राहिला. बाईंचा शेरा आला: ‘वारा उत्तम. बाबांचे पाय दिसतात.’

शंभरावा दिवस लाक्षणिक अर्थाचा, म्हणजे घरातल्या भांडणाचा. तेवीस घरांपैकी सतरा घरांनी ‘सासू’ हा विषय निवडला, तिघांनी मुलाचं वजन, एकाने एसीचं तापमान. दोघांनी सूट मागितली. त्यांचे घटस्फोट आधीच झाले होते. (एवढं चांगलं भांडण व्हिडिओ न काढता वाया घालवलं, याची हळहळ ग्रुपवर व्यक्त झाली.)

युएमेईची अडचण वेगळी होती. काइलिनने सात वर्षांत आवाज चढवला नव्हता.

“अरे, ओरड ना माझ्यावर!” ती म्हणाली.

“कशाबद्दल?”

“आईंबद्दल.”

“पण आईबद्दल तू काही वाईट बोललीच नाहीस.”

“अगं बोल की,” सासूबाई कढईतले तांदळाच्या शेवया परतत म्हणाल्या, “पोरीच्या जागेचा प्रश्न आहे. मी कुठे मनाला लावून घेतेय? तसं तू मनात बोलतेसच.”

काइलिनला हसू फुटलं. तीनदा फुटलं. तेवढ्यात चक्रीवादळ पोचलं. काचांवर चिकटपट्ट्यांच्या फुल्या होत्या, बादल्या भरलेल्या होत्या. तयारीत कसूर नव्हती. सहाला दहा कमी असताना वीज गेली आणि पाठोपाठ मोबाइलची रेंज.

युएमेई मोबाइल घेऊन दाराकडे धावली. “गच्चीवर रेंज असेल.”

“गच्चीवर? वेड लागलंय तुला?” काइलिन ओरडला. खरोखर ओरडला. “समोरचा पत्रा उडून गेला आत्ता! पोरीला आई हवी की शंभरावा दिवस?”

“तुला काय जातंय बोलायला! शंभर दिवस सहा वाजेपर्यंत माझ्या घशाखाली घास उतरत नाही. तू फक्त चादर हलवलीस!”

मग सात वर्षं निघाली. झारी निघाली, माहेर निघालं, सासूबाईंचं ‘मनात’ही निघालं. काइलिनने दार आपटलं आणि तो जिना उतरून गेला.

शांततेत मियानमियान मनगटावरच्या घड्याळाच्या कॅमेऱ्याकडे बघत स्वच्छ इंग्रजीत म्हणाली, “आमच्या घरात स्टॉर्म आलं आहे.” एकही चूक नाही. कॅमेरा तिने पहिल्या ओरड्यालाच सुरू केला होता.

स्वयंपाकघराच्या खिडकीत एक दांडी रेंज आली. युएमेईने डोळे पुसले आणि घड्याळातला व्हिडिओ पाठवला. पाच एकोणसाठ. बाईंनी लिहिलं: ‘अस्सल. सर्वांनी हा नमुना पाहावा.’ बावीस आयांनी लिहिलं: ‘मिळालं, बाई.’ तेविसावं तिने स्वतः लिहिलं, आणि मग ती जिन्याकडे धावली.

आता वाचकाच्या मनात एक प्रश्न असणार. काइलिन सापडला का, हा असेल, तर तो पहिल्या मजल्यावर पायरीवर बसला होता. बाहेर पडण्याइतका तो रागावलेला नव्हता. पण मियानमियानला जागा मिळाली का, हाच प्रश्न आधी आला असेल, तर आपल्या मुलाचं वय कळवा. पुढच्या तुकडीत दोन जागा आहेत, आणि उद्याचा शब्द सोपा आहे.